प्रॉम्प्टरच्या वहीतला हिरवा

ग्लेस बेच्या युनियन हॉलचा बॉयलर
नोव्हेंबरातच गचकला,
म्हणून हा खेळ.
तिकीट पंधरा डॉलर, चहा आणि ओटचे केक वेगळे,
आणि रंगमंचावर गावातल्याच सहा बायका,
एकेक कपडा हातात घेऊन.
सातवी मी, विंगेत,
मांडीवर वही, दातांत पेन्सिल,
पायांत मोज्यांवर मोजे.

ओडीलने बाप्तिस्म्याचा झगा उलगडला.
तिच्या घरची अकरा पोरं त्यातून गेली,
बारावं त्यातच निजवलं,
एवढंच बोलून ती बसली.
शर्ली गिलिसने नवऱ्याची खाणीतली बंडी हुंगली
आणि म्हणाली, धुवायला नको होती.
लोक हसले,
मग नीट सावरून बसले.

मग थेल्मा. वय त्र्याऐंशी.
आमच्याच पेटाऱ्यातला, चौदा नंबरचा,
कुठल्याशा फार्समधल्या मोलकरणीचा झगा
आम्ही तिला दिला होता.
तो तिने खुर्चीच्या पाठीवर टाकला.
"हा तो नव्हे. तो कुठे गेला देव जाणे.
हा बदली कामगार आहे."
वहीत हे वाक्य नव्हतं.
वहीत होतं: माझा हिरवा झगा.
तिन्ही तालमींत हिरवा.
थेल्मा म्हणाली, "माझा निळा झगा…"
आणि थांबली.

प्रॉम्प्टरचं काम तसं साधं.
सांडलेला शब्द उचलायचा,
श्वासाएवढ्या आवाजात पुढे सरकवायचा,
पंगतीत न बोलता कुणी मीठ सरकवावं तसा.
मी 'हि' साठी ओठ उघडले,
तोच तिसऱ्या रांगेतून आयडेला,
तिची थोरली बहीण,
कानातलं यंत्र शिट्टी घालत असताना, उभी राहून:
"पिवळा होता गं तो!
आणि तुझा कसला? आपला होता!"

हॉल खदखदला.
कोट घालून बसलेल्या माणसांना
तेवढीच ऊब.

थेल्माने कपाळावर आडवा हात धरला,
दिव्यांच्या पलीकडे बहीण शोधली.
"पिवळा तुझ्या वेळी.
तू लग्न करून सिडनीला गेलीस,
मग आईने तो माझ्यासाठी रंगवला.
निळी पुडी आणली होती, दहा सेंटांची."
"पिवळ्यावर निळी?
मग हिरवाच झाला असणार, बाई!"
"हो. हिरवाच झाला."
"मग निळं काय होतं?"

मी वही मिटली.
कुणीतरी खोकणार होतं, ते राहिलं.

"आईचे हात," थेल्मा म्हणाली.
"कोपरापर्यंत.
झगा टबात होता, आणि खाणीचा भोंगा झाला.
भलत्याच वेळी.
दारावर माणसं आली, तेव्हा
तशाच हातांनी तिने कडी काढली.
दाराला डाग राहिला.
बाबांचं तोंड मला आठवत नाही, आयडी.
तो डाग आठवतो."

आयडेला उभीच होती.
"मला कुणी सांगितलं नाही," ती म्हणाली.
"मी आले तेव्हा
दार पांढरं रंगवलेलं होतं."

टाळ्या कधी सुरू करायच्या
हे कुणालाच कळेना,
म्हणून पडदा ओढणाऱ्या पोराने
आपल्या मनाने पडदा ओढला.

नंतर बिस्किटांच्या डब्यात मोजले:
अकराशे ऐंशी डॉलर, एक परदेशी नाणं,
आणि कुणाचं तरी चुकून पडलेलं चर्चचं पाकीट.
बॉयलरला हवेत नऊ हजार.
बाहेर, बर्फ झाडलेल्या पायऱ्यांवर
दोघी बहिणी एकमेकींच्या दंडाला धरून
झग्याला कॉलर होती की नव्हती
यावर भांडत होत्या.

उद्या दुसरा प्रयोग.
घरी येऊन वही उघडली,
'हिरवा' वर पेन्सिल टेकवली,
खोडलं नाही.
समासात लिहिलं:
इथे अडली तर अडू दे.
आणि खाली, तिकिटं विकणाऱ्या पोरीसाठी:
तिसऱ्या रांगेतली सातवी खुर्ची
कुणालाही देऊ नये.