जुन्या रुपयाएवढी जागा

करारनामा एकोणीस पानांचा.
तिसऱ्या पानावर माझं नाव, धायबरचं धैवर केलेलं,
सातव्यावर रॉयल्टी, विक्रीच्या सव्वातीन टक्के,
अकराव्यावर यान परतताना
त्याच्या अंगावर चढणाऱ्या उष्णतेचा आकडा.
तो वाचून आमचे फोरमन मोघे
चष्मा पुसून पुन्हा वाचत राहिले.

मकरपुऱ्याच्या शेडमध्ये आम्ही तीस वर्षं
फाटकांचे रंग केले:
हिरवा, चॉकलेटी,
आणि वडील ज्याला सरकारी राखाडी म्हणत तो.

नंबियारसाहेब निवृत्त, शिकवायला आले दोन दिवस.
मला वाटलं, रॉकेटबद्दल बोलतील.
बोलले दमट हवेबद्दल.
विश्वामित्रीवरून येणारा वारा चिमटीत धरून,
बोटं चोळून म्हणाले,
पावसाळ्यात हा लेप उघडा ठेवू नका, तो
(इथे शब्द सापडेना, मान फिरवून दाखवली)
रुसतो, मी म्हटलं.
त्यांनी वहीत लिहून घेतलं.

सात घाणे फुकट गेले.
पहिल्याला भेगा, तिसरा साबणासारखा बुळबुळीत,
पाचवा पत्र्यावरून सुटला
उन्हात सोललेल्या पाठीसारखा.
बँकेचे साहेब विचारायचे,
मॅडम, वरची वस्तू खाली कोण घेणार?
ज्याचं दार तापतं तो, मी म्हणायचे,
आणि रात्री घरी हप्ते मोजायचे.

फतेगंजच्या मागे इद्रीसभाईंची खारीची भट्टी.
चौदाव्या वर्षापासून तिच्यासमोर उभे,
कोपरापासून मनगटापर्यंत हात गुळगुळीत, केस जळून गेलेले.
नमुना म्हणून दाराला लेप फुकट लावून दिला.
आत तीनशे अंश. बाहेर दारावर तळवा ठेवला तर
दुपारच्या पितळी तांब्याइतकी ऊब.
दिवाळीपर्यंत त्यांच्या हातावर लव उगवली.
बायको ओळखत नाही, म्हणाले, आणि लाजले.

नाताळच्या केकांची गर्दी उरकली तेव्हा स्वतःच शेडवर आले.
बेन, बारणुं मूंगुं थई गयुं.
दार मुकं झालं.
चाळीस वर्षं ते पंजाची पालथी बाजू दाराला लावायचे
आणि दार सांगायचं: आता खारी,
थांब, आता नानखटाई,
आता नुसते टोस्ट.
आता काहीच सांगत नाही. चार ट्रे करपले.
मी तापमापक पुढे केला.
त्यांनी त्याच्याकडे पाहिलं
जसं मुलीनं परस्पर ठरवलेल्या जावयाकडे पाहतात.
म्हणाले, तुमच्या यानात आग बाहेर, माणूस आत.
माझ्याकडे उलटं आहे.

मी त्रिवेंद्रमला फोन लावला.
साहेब, एक जागा कोरी सोडली तर?
पलीकडे बराच वेळ फक्त पंखा.
मग, आम्ही तसं केलं असतं तर
समुद्रातून वेचायलाही काही उरलं नसतं.
मग खोकल्यासारखं हसू.
मग, केवढी जागा?

जुन्या रुपयाएवढी.
उजवीकडे, कडीच्या वीतभर खाली.
पहिल्यांदा लावून दिलं त्या दिवशी इद्रीसभाई
तिथे हात टेकवून उभे राहिले,
डोळे मिटून, डॉक्टर नाडी बघतो तसे,
आणि आतल्या पोराला ओरडले, काढ!

आता नडियादला, अंकलेश्वरला, राजकोटच्या बिस्किटवाल्यांना
दारं जातात ती अशीच जातात.
नकाशावर त्या वर्तुळाला काहीतरी नाव लागतं.
मोघ्यांनी पेन्सिलीनं 'इद्रीस' लिहिलं होतं,
बदलायचं राहिलं, तसंच छापून गेलं.
परवा राजकोटहून एकाचा फोन:
मॅडम, हे इद्रीस काय आहे?
परदेशी मानक आहे का?

मानक आहे, मी म्हटलं.
फतेगंजचं.