सातवा मजला, दाराबाहेर

सपाता घालून मी माझ्याच दाराबाहेर उभी आहे
आणि सेकंद मोजते आहे.
आत लोबिओ. राजम्याच्या रंगाचा, म्हणून हे नाव.
डाव्या कानात पालिकेचा पिवळा बिल्ला,
तिबिलिसीच्या रस्त्यांवर चार हिवाळे काढलेला,
बर्फाला, बसला, कुणाच्या बापाला न भ्यालेला.
भितो फक्त किल्ल्यांना.
मी त्या उचलल्या, की जगबुडी.

पहिल्या आठवड्यात त्याने दाराची चौकट कुरतडली,
माझा एक बूट, आणि गालिच्याचा तो कोपरा
जिथे नक्षीत डाळिंब होतं.
खालच्या नुगझारने दाराखालून चिठ्ठी सरकवली:
“मझिया, तुझ्या घरी कोण वारलं?”

डॉक्टर तामता म्हणाली, जाणं कंटाळवाणं कर.
किल्ल्या उचल, खाली ठेव, चहा टाक.
कोट चढव आणि बटाटे सोलत बस.
दिवसातून वीसदा, तीसदा,
किल्ल्यांचा आवाज म्हणजे नुसता आवाज
असं त्याला वाटेपर्यंत.
आणि परत आलीस की बघूही नकोस त्याच्याकडे
चारही पाय जमिनीला टेकल्याशिवाय.

हे मला कसं जमावं?
आमच्याकडे निरोपच तासभर चालतो.
कोट घातल्यावर एक पेला, उंबऱ्यावर एक,
जिन्यात आणखी कुणाच्या तरी आजोबांच्या नावाने एक.
माझा लेक पोलंडला निघाला तेव्हा
सातही मजले मी त्याच्यासोबत रडत उतरले
आणि टॅक्सीच्या काचेला हात लावून
“जेवून घे” एवढंच दहा वेळा म्हणाले.
आता फोनवर तो आधीच सांगतो, आई, ठेवतोय हं,
आणि माझं वाक्य पुरं व्हायच्या आत ठेवतो.

तर, चार सेकंद. पाच.
सहाव्याला आतून नखांची खरखर.
पुन्हा तीनपासून.
एका मंगळवारी आम्ही अकरापर्यंत गेलो.
बुधवारी वीज गेली, लिफ्ट मध्येच अडकली,
आतून कुणीतरी धक्के मारत बसलं,
आणि आमचं गाडं परत दोनवर.

नुगझार वर आला. लिफ्टमध्ये नाणं टाकून,
म्हणजे भांडायलाच.
मला सपातांत बघून पायरीवर टेकला.
“मोजतेस काय?”
सांगितलं. बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, तू फार भरभर मोजतेस,
आणि खाली जाऊन बुद्धिबळाचं घड्याळ घेऊन आला.
तेव्हापासून रोज पाच वाजता आम्ही दोघं
जिन्यात, कुजबुजत, कळ दाबत.
तो सूर्यफुलाच्या बिया सोलतो,
टरफलं स्वतःच्याच टोपीत.

आज मी पाव आणायला गेले. खरीखुरी गेले.
भट्टीपाशी रांग. बावीस मिनिटं.
परतताना लिफ्ट टाळली, तिचा खडखडाट तो ओळखतो.
चौथ्या मजल्यावर कान दिला. काही नाही.
पाचव्यावर. काही नाही.
जिच्यासाठी दोन महिने झटले
त्या शांततेनेच पोटात गोळा आणला.
सहावा मजला धावत. किल्ली भोकात शिरेना.
गॅस? खिडकी? काही गिळलं तर नसेल?

आत लोबिओ. माझ्या जुन्या शालीवर, पोट वर करून.
बिल्ल्याचा कान तेवढा उचलला,
एक लांबलचक जांभई दिली
आणि माझ्याकडे पाहिलंही नाही.

वाट पाहत होता बहुधा,
माझे पाय जमिनीला टेकायची.

मी कोट काढला. पाव फडक्यात गुंडाळला.
खालून नुगझारची हाक: “किती?”
बावीस, मी म्हणाले,
इतक्या हळू, की त्याला पुन्हा विचारावं लागलं.