सोंड

लष्करात लग्नघरांच्या दारांवर
हत्ती काढणारा रामसेवक चितेरा
माझ्या सूक्ष्मदर्शकावर वाकला.
"बाई, अळी उलटी का लटकलीय?"
"शेपटीकडून श्वास घेते."
बराच वेळ त्याने डोळा काढला नाही.

आमची डेंग्यूची पत्रकं तोवर
कचोरीवाल्याकडे पोचली होती.

भिंतीवर आधी कूलर आला,
मग पाण्याला टांगलेल्या अळ्या,
मग डास, पायांत पांढरे पट्टे,
नवरीचे चुडे भरावेत तसे.
सोंड मात्र जाड झाली.
"हत्तीचा हात आहे," म्हणाला,
आणि खोडून, जिभेवर कुंचला ओला करून
एका केसाने पुन्हा काढली.

सकाळी शितोळेकाकूंनी
डासाला हळदकुंकू वाहिलं.
मी कपाळाला हात लावला.
त्या घरी गेल्या.
गल्लीत आवाज आला,
कूलर उपडा केल्याचा,
घळघळ.