अवस्था : छिद्रे पडलेली

माझ्या आधीच्या माणसानं नोंदवहीत लिहून ठेवलंय :
वस्तू क्रमांक तीनशे बारा.
पुठ्ठ्याच्या पट्ट्या, दोरीनं ओवलेल्या, एक गठ्ठा.
अवस्था : वाईट. छिद्रे पडलेली.
शिफारस : काढून टाकावी.

मी अकरा महिन्यांच्या करारावर.
गिरणीच्या हजेरी-खोलीत आता संग्रहालय आहे,
बिल्ले टांगायच्या खिळ्याला माझी डब्याची पिशवी.
मे महिना. पंखा फिरतो तो आवाजापुरता.
साहेबांनी छापील तक्ता दिलाय, महत्त्व-मूल्यांकन,
वस्तूमागे चार पानं :
इतिहासाच्या दृष्टीनं मोल काय? कलेच्या? अभ्यासाच्या?
समाजाला तिच्याबद्दल काय वाटतं?
कुणाची होती, कशी आली, अशी दुसरी कुठं आहे का,
आणि तिच्यावरून लोकांना काय सांगता येईल.
उत्तराला जागा तीन ओळी.

काचेचं कपाट एकच आलंय.
उमेदवार दोन म्हणा की.
एक चांदीचा धोटा,
उद्घाटनाला मालकांच्या हाती दिलेला,
मखमली पेटी, कोरलेली तारीख, सोनाराची पावतीसुद्धा.
जन्मात एक धागा न ओढलेला धोटा.
त्याचा तक्ता अर्ध्या तासात भरला.
कागद असले की महत्त्व पटकन सिद्ध होतं.

दुसरा हा गठ्ठा.
‘कुणाची होती’च्या पुढे मी रेघ मारली.
मग रात्री ती रेघच डोळ्यांपुढे येत राहिली
म्हणून सकाळी पूर्व भागात विचारत गेले,
साखर पेठ, मग कन्ना चौक, मग एक बंद कारखाना,
आणि तिथून इरय्या येलदींना रिक्षात घालून आणलं.

मी नको म्हणत असताना त्यांनी चपला बाहेर काढल्या.
गठ्ठा मांडीवर घेतला. चष्मा खिशातच.
बोटं पुठ्ठ्यावरून चालली,
ओठ हलत होते : ओकटी, रेंडू, मूडू…
“भोक असलं की सुई आत जाते बाई, धागा उचलतो.
नसलं की खाली पडून राहतो.
एवढंच आहे की ओ.”
नोंदवहीतली ती ओळ मी तळहातानं झाकली.

मग बोट थांबलं.
“हे पान माझं. इथं तीन भोकं राहिली.
रात्रपाळी. दिवे गेलेले. कंदिलावर ठोकत होतो.
उजवीकडच्या मोराला डोळा नाही, बघा कधी.”
किती दिवसांनी कळलं?
“सात महिन्यांनी. आठ रुपये दंड.
तोवर किती चादरी गेल्या, काय की.”

मी साहेबांना न विचारता चिठ्ठ्या लावल्या,
चहाच्या टपरीवर, दवाखान्यात, दोन शाळांत :
एका डोळ्यानं आंधळा मोर कुणाकडे आहे?

आले.
एका लॉजची, कोपऱ्यात शिक्का मारलेली चादर.
एक टेम्पोच्या सीटची, ग्रीसचा वास जात नव्हता.
एक फक्त अर्धी, दोघा भावांत वाटून घेतलेली.
आणि विडी घरकुलातून भूदेवी चिट्याल,
हातात घडी, घडीत मोर,
मोराला लाल दोऱ्याचा डोळा.
“पोरगं घाबरायचं रात्री. मग मीच घातला.”
ठेवून जाता का, विचारलं.
“अय्यो, पांघरायला लागते की.”
फोटो काढू दिला. घडी घालून घेऊन गेली.

समाजाला काय वाटतं, या प्रश्नाला
मी सात जोडपानं लावली.
साहेब म्हणाले, जोडपानं चालत नाहीत.

धोटा कपाटात आहे. चांगला दिसतो.
गठ्ठा बाहेर टेबलावर, उघडा,
कारण मंगळवारी येलदी येतात
आणि नववीची पोरं त्यांच्या बोटामागून बोट फिरवतात.
माझ्या कराराचे पाच आठवडे उरलेत.

शिफारस खोडली आहे. सही केली आहे.
‘वाईट’ खोडलं आहे.
छिद्रांबद्दलचं वाक्य तसंच ठेवून
पुढे एवढंच वाढवलं :
तीन कमी.