खेपा

झाकण उघडलं तर आत खाण निघाली.
लाल, मऊ,
पंख्याच्या पात्यांवर साय धरावी तशी.
बारा वर्षांपूर्वी हा कॉम्प्युटर घरात आला तेव्हा
कुडचड्याच्या रस्त्यावरून दिवसभर टिपर जायचे,
त्यांतला एक आमचा.
रस्ता कधीचा धुऊन निघाला.
ह्याच्या पोटात ती धूळ अजून वस्तीला.

माझ्याकडे सात हजार चारशे.
पेट्रोल पंपाच्या पगारातून, चवथ वगळून,
सहा महिन्यांत उरलेले.
यादी केली, खोडली, पुन्हा केली.
प्रोसेसर राहू दे. म्हातारा आहे, पण शुद्धीवर आहे.
रॅम आता कुणी बनवत नाही त्या जातीची, तीही राहू दे.
पण खेळ सुरू केला की डोंगर उशिरा यायचे.
आधी मी पोकळीत धावायची,
मग पायांखाली गवत उगवायचं,
आणि शत्रू दिसायचा
तो मला मारून झाल्यावर.

ग्राफिक्स कार्ड घ्यायचंच.
मडगावात, रेल्वे फाटकाजवळ, रॉयस्टन जुनी विकतो.
बाबा म्हणाले, मी येतो.
वापरलेलं यंत्र एकट्याने घेऊ नये.

रॉयस्टनने वर्तमानपत्र पसरून दोन कार्डं मांडली.
हे साडेसहा हजार. हे चार.
हे स्वस्त का?
"मायनिंगचं आहे," तो खाली बघत म्हणाला.

बाबांनी चष्मा लावला.
किती वर्षांनी कुणी त्यांच्यासमोर हा शब्द काढला होता
कोर्ट, मोर्चा, लिलाव असं काही न जोडता.
मी समजावलं, नाणी असतात, न दिसणारी.
ती काढायला एका खोलीत अशी शंभर कार्डं जुंपतात,
रात्रंदिवस, हात लावता येऊ नये इतकी तापवून.
मग भाव पडतो. खोली बंद होते.
कार्डं पुसून विकायला काढतात.

बाबांनी ते उलटं केलं, सुलटं केलं,
नाकाजवळ नेऊन हुंगलं,
आणि रॉयस्टनला विचारलं,
"किती खेपा?"

त्याला कळलं नाही.
मी हसणार होते.

"खणीची गाडी वायट न्हय, बाय.
धुतलेली नसते, एवढंच."

टायरच्या दुकानात हवा मारून घेतली,
लाल ढग उठला, पंक्चरवाला शिंकला.
घरी जुनी पेस्ट खरवडली, सुकून चुना झालेली.
नवी तांदळाच्या दाण्याएवढीच, मी बजावलं.
ज्यांनी आयुष्यभर मूठमूठ ग्रीस चोपडलं
त्यांना तो दाणा बघून कीव आली.

कार्ड बसवलं. बटण दाबलं.
काळोख.
पुन्हा दाबलं. एक पंखा अर्धा फेरा फिरला आणि थांबला.
चार हजार गेले, असं मी मोठ्याने म्हणाले बहुतेक,
कारण दारातून बाबा म्हणाले,
"आदीं बॅटरी पळय."

बॅटरी नसते हो ह्याला, मी ओरडले.
आणि ओरडता ओरडता दिसलं,
कार्डाला आठ टोकांची तहान,
आमच्या जुन्या पॉवर सप्लायकडे सहाच.

नवा घेतला, एकोणतीसशे.
पेस्ट, बसचं तिकीट जाता
मुठीत एकशे चाळीस.

रात्री डोंगर वेळेवर आले.
बर्फावर माझीच सावली पडली, पहिल्यांदाच,
आणि मी शत्रूला सोडून
तिच्याकडे बघत उभी राहिले.
मेले. पुन्हा सुरू केलं.

मागे ताडपत्रीखाली टिपर.
डाव्या अंगाची चाकं विकून माझी शेवटची फी भरलेली,
म्हणून तो जरा कलून उभा असतो,
कान दिल्यासारखा.
बाबा सोप्यावर, पाठमोरे.

"डावा पंखा," ते बाहेरूनच म्हणाले,
"बेअरिंग जातंय."

खेळ थांबवला. कान लावला.
मला काहीच ऐकू आलं नाही.
दुसऱ्या दिवशीही नाही.

यादीत लिहून ठेवलंय :
पंखा, साडेतीनशे.