खटक्याचं पेन

खणभागात आमच्या फाटकातून जो येईल
त्याच्या छातीवर बत्तासाचे दोन पाय.
दूधवाल्या मुजावरांचा सदरा दोनदा फाटला.
दादांची वेताची छडी अजून माळ्यावर आहे.
नाही काढली.

पाच रुपयांचं पेन आणलं, खटक्याचं.
चारी पाय जमिनीला टेकले, त्याच क्षणी
टक.
मग चुरमुऱ्याचा एक दाणा.
उडी मारली तर पाठ फिरवायची, बोलायचं नाही.

एकोणिसाव्या दिवशी मुजावर आले;
बत्तासा थरथरत बसून राहिला
शेपटीनं अंगण झाडत.
टक.

रात्री सुमेध उशिरा आला,
माझ्या गोळ्या उशाशी ठेवून निघाला,
न सांगता.
जीभ काही वळेना.
खिशातला अंगठा तेवढा दाबला गेला.

बाहेर बत्तासा उठून बसला.
सुमेध उंबऱ्यात थांबला का,
अंधारात दिसलं नाही.