हाताने बदल करू नये

फाइलीच्या माथ्यावर यंत्र स्वतःच लिहितं:
हाताने बदल करू नये.
खाली अकरा हजार ओळी.
कुठे खाडाखोड नाही, कुठे सुस्कारा नाही,
नावं अशी की जिभेला वळू नयेत.

मी वीस वर्षं हाताने लिहीत होते, श्टुटगार्टच्या बाहेर,
ब्रेकचाच कोड.
एका ओळीशेजारी एकदा टिपून ठेवलं होतं:
हे का चालतं ठाऊक नाही, हात लावू नका.
म्हणजे तेव्हाही तेच.

आता चित्र काढायचं. चौकोन, बाण,
चाकाचा वेग इकडून, तेलाचा दाब तिकडे.
बटण दाबलं की कोड.
मी नुसती वाचते.
प्रत्येक ओळीला विचारते, कुणाची गं तू?
ती आपल्या चौकोनाचं नाव सांगते,
चौकोन आपल्या अटीचा क्रमांक.
इथे अनाथ ओळ चालत नाही.

आर्येप्लोगला फेब्रुवारीत तळ्याचा रस्ता होतो.
उणे एकतीस. डावी चाकं बर्फावर,
उजवी खालून तापवलेल्या डांबरावर,
आणि माइवोर ब्रेकवर जवळजवळ उभी.
तिचे वडील याच बर्फावरून ओंडके ओढायचे,
तो कुठे पातळ आहे ते आवाजावरून सांगायचे.
ती खाली उतरली, म्हणाली,
थांबते गाडी. पण मध्ये एक उचकी देते.

आमच्या आलेखात उचकी नव्हती.

रात्री मॉडेल आणि कोड समोरासमोर बसवले.
चार लाख क्षण, दोघांना तेच प्रश्न,
उत्तरं शेवटच्या बिटापर्यंत सारखी.
असणारच.
एकाच आईचं दूध प्यालेले साक्षीदार.

उचकी लागली की कुणीतरी आठवण काढतं म्हणतात.
तिसऱ्या रात्री सापडला तो कोपऱ्यातला चौकोन,
त्याचं कामच आठवण:
मागचा क्षण धरून ठेवायचा, पुढच्या क्षणी द्यायचा.
एकहार्टने नऊ वर्षांपूर्वी टाकलेला,
कारण एक बाण फिरून आपल्याच शेपटीला येत होता
आणि यंत्र कुरकुरत होतं.
दहा मिलिसेकंद.
उजवं चाक आत्ताचं ऐकत होतं,
डावं मघाचं.

कोडने काही चुकवलं नव्हतं.
काढलं होतं तेच लिहिलं, निमूट,
एका वेलांटीचाही फरक न करता.

एकहार्ट आता नाशपातीची कलमं करतो.
फोनवर बराच वेळ गप्प होता.
मग म्हणाला, तात्पुरता टाकला होता गं,
लगेच काढणार होतो.

लगेच.

चौकोन काढला, बाण वळवला, बटण दाबलं.
नवी फाइल, नवी तारीख,
माथ्यावर तीच ताकीद.
सकाळी तळ्यावर माइवोरने हातमोजे काढून
शेजारच्या सीटवर टाकले.
लोकरीतून उचकी कळत नाही, म्हणाली,
आणि त्या थंडीत
उघड्या हातांनी स्टिअरिंग धरलं.